संशयाचा फायदा कोणाला?

लहान मुलीवर अत्याचार झाल्याची बातमी आली की सगळीकडे एकच सूर निघतो : पकडलाय ना, मग फाशी द्या! पुढे आरोपी सुटला की आपण कायद्याला दोष देतो. संताप रास्त आहे. पण पकडलेला माणूस तोच आहे का, हे आपण क्वचितच विचारतो.

नाशिकजवळच्या बेलतगव्हाणचा खटला आठवावा. जून 2003 मध्ये तेथे एका कुटुंबावर दरोडेखोरांनी हल्ला केला. पाच जणांचा जीव गेला. त्यातील अल्पवयीन मुलीवर अत्याचारही झाला होता. वाचलेल्या आईने दोनच दिवसांत पोलिसांकडील फोटोंतून चार जण ओळखले. त्यांचा तपास झालाच नाही. खटला चालला तो भटक्या जमातीतील सहा वेगळ्याच गरीब माणसांवर. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्याच न्यायालयाने 5 मार्च 2019 रोजी त्यांना निर्दोष ठरवले आणि प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देण्यास राज्य सरकारला सांगितले. सुमारे 16 वर्षे तुरुंगात गेली होती. त्या आईला तरी काय मिळाले? तिने दाखवलेल्या चौघांकडे कोणी वळून पाहिले नाही. एका चुकीने दोन घरांचा इन्साफ बुडाला.

म्हणूनच गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. पोक्सो कायद्याच्या कलम 29 मध्ये आरोपीविरुद्ध गृहीतक आहे; पण मूळ घटना सरकार पक्षाला आधी पुराव्याने उभी करावीच लागते.

बहुतेक प्रकरणांत गुन्हेगार मुलाच्या ओळखीचाच असतो. अनोळखी असेल तर ओळख परेड होते. त्याआधीच मोबाईलवर संशयिताचा फोटो दाखवून ‘हाच होता ना?’ असे विचारले, तर त्या परेडला अर्थ उरत नाही. मूल फोटोतला चेहरा ओळखते आणि बचावाचा वकील नेमके तिथेच बोट ठेवतो.

तळेघरसारख्या डोंगरी गावात असा प्रसंग आला, तर बदनामीच्या भीतीने दिवस घालवू नयेत. लगेच पोलिसांना कळवावे, वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, अंगावरचे कपडे धुऊ नयेत. मुलाच्या तोंडात नाव घालू नये. ते जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत ऐकावे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, साध्या वेशात घ्यावा, असे कायदा सांगतो. त्या वेळी आई-वडील किंवा मुलाच्या विश्वासाची व्यक्ती सोबत असते. मुलाला मराठी नीट येत नसेल तर दुभाषा मागता येतो. न्यायालयातही मुलाला आरोपीसमोर उभे करायचे नसते.

हे सारे वेळेवर झाले तर खरा गुन्हेगार संशयाचा फायदा घेऊन सहजी सुटणार नाही, आणि कोणाचा निरपराध मुलगा त्याच्या जागी तुरुंगात जाणार नाही. आपल्या लेकरांसाठी आपल्याला दोन्ही हवे आहे.