परतीचे दोर

‘आता परतीचे दोर कापले बरं!’ हे वाक्य आपल्या मराठी-कानडी घरांत फार स्वस्त झालं आहे. मुलाच्या शाळेचं माध्यम बदलो की मुलीचं लग्न होवो, कुणी वडीलधारं ते ऐकवतंच. आमच्या आदिलाबादच्या घरात ते माझ्या आईला ऐकवलं गेलं. आई बिदरकडची, माहेरी कानडी बोलणारी. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, बिदर म्हैसूरकडे गेलं, आदिलाबाद आंध्रात. आईचं माहेर एकाएकी परराज्य झालं.

या वाक्यामागची गोष्ट काय आहे? पुरंदरच्या तहात, १६६५ साली, कोंढाणा मोगलांकडे गेला. ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री तानाजी मालुसरे मावळ्यांसह कडा चढून गडावर शिरले. किल्लेदार उदेभान आणि तानाजी एकमेकांच्या वारांनी पडले. सरदार पडताच मावळे मागे फिरले. तेव्हा धाकटे बंधू सूर्याजी आडवे आले: तुमचा बाप इथे पडलाय आणि पळता कुठे? दोर केव्हाच कापून टाकलेत! मावळे उलटले, गड आला.

पण १६९७च्या सुमारास लिहिलेल्या सभासद बखरीत दोर कापल्याचा उल्लेखच नाही. सूर्याजींनी हिंमत धरून माणसं सावरली, एवढंच तिथे आहे. दोर नाहीसे केल्याची गोष्ट ग्रँट डफच्या १८२६च्या इतिहासात सापडते. म्हणजे ते शब्द कदाचित मागाहून लोकांच्या तोंडी घडले असावेत.

तरी दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. सूर्याजी पायथ्याशी उभे राहून हुकूम सोडत नव्हते, ते गडावरच होते. जो दोर कापला म्हणतात, तो त्यांचाही होता. नुकताच सख्खा भाऊ गेलेला माणूस बोलत होता, म्हणून माणसं थांबली.

आईला दोर कापल्याचं सांगणाऱ्यांची माहेरं मात्र दोन कोसांवर होती. दर सणाला जाणं-येणं चालू होतं. आई कुणाला उलटून बोलली नाही. फक्त विहिरीच्या दोराला ती शेवटपर्यंत ‘हग्ग’च म्हणत राहिली आणि आम्हा भावंडांनाही तिने तो शब्द दिला.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी हे वाक्य ओठांवर आलं, तर कापलेल्या दोरांत आपला एखादा आहे का, ते आधी बघावं. नसेल, तर गप्प बसावं आणि सुनेला माहेरच्या गाडीचं तिकीट काढून द्यावं.