शनवार म्हणजे सावली नव्हे



परदेशात वाढणारी आपली नातवंडे ख्रिस्ती मित्रांकडून एक शिकवण घरी आणतात: शब्बाथ ही नुसती सावली होती, येशू आला आणि काळ पूर्ण झाला, मग आता शनवार कशाला? आणि आम्ही वडीलधारी गप्प बसतो. हे गप्प बसणे चुकीचे आहे.

ही शिकवण पौलाच्या नावच्या पत्रांवर उभी आहे. दिवस आणि महिने पाळता म्हणून तो गलतीकरांवर रागावतो, हे खरे. पण ते लोक यहुदी नव्हते. त्यांच्यावर आपले नेमधर्म लादू नयेत, हा त्याचा वाद होता. शावुओथला यरुशलेम गाठायची घाई खुद्द पौलाला होती, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. येशू रिवाजाप्रमाणे शब्बाथला सिनेगॉगमध्ये जाई, असे लूक सांगतो. म्हणजे ज्यांच्यासाठी काळ पूर्ण झाला, तेच आपल्या पंचांगाने चालत होते!

फाळणी नंतरची. ३२१ साली कॉन्स्टंटाइन बादशहाने रविवारची सुट्टी ठरवली. ३२५ च्या नायसिया परिषदेने ईस्टर आपल्या पेसाहच्या हिशेबापासून तोडला. त्याच शतकात लाओदिकियाच्या धर्मसभेने ख्रिस्ती लोकांना शनवारी काम थांबवायची बंदी केली. सावली आपोआप सरली असती, तर बंदी कशाला लागली?

मिशनऱ्यांचे उपकार आम्ही विसरत नाही. डॉ. विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण दिले. पण शनवार त्यांनी दिला नाही. हाती पुस्तक नसतानाही कोकणातल्या आपल्या वाडवडलांनी शनवारी घाणा बंद ठेवला, म्हणून तर लोक त्यांना शनवार तेली म्हणत.

कोणी म्हणेल, "तुम्ही नर्सबाई, शब्बाथला ड्यूटी करीत होता ना?" होय, केली. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा, ही आपल्याच शास्त्राची आज्ञा. त्याने शब्बाथ संपत नाही, त्याचा अर्थ कळतो.

ख्रिस्ती श्रद्धेत काळाला एक मध्य आहे. तो त्यांना लखलाभ. आपला काळ दर सात दिवसांनी दारात येऊन उभा राहतो. शुक्रवारी सांजेला दिवा लावा, नातवंडांना जवळ बसवा, आणि हे त्यांना मराठीत सांगा.