समुद्र नसलेले गाव

"समुद्राशी आपला काय संबंध?" असे म्हणून दादांनी पुतणीचा अर्ज बाजूला सारला आणि मीही शहाण्यासारखी मान डोलावली. पोरीला बोटीवर इंजिनियर व्हायचे होते; आणि आमचे कामरगाव तर वाशीम जिल्ह्यात!

वाचकहो, ही 11 मे 2025 ची गोष्ट. सुट्टीसाठी मी गावी गेलो होतो. त्याच दिवशी वाळूवरच्या फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता, सेशेल्स बेटांवर. 5-5 गडी, तेही अनवाणी. 12-12 मिनिटांचे तीन भाग. एकीकडे आदल्या वर्षीचा विजेता ब्राझील, दुसरीकडे बेलारूस. ब्राझीलचा विजय मी आधीच जाहीर करून टाकला. ब्राझील जिंकलाही, पण अवघ्या एका गोलाने, 4-3!

"काका, बेलारूसला समुद्रकिनारा किती हो?" पुतणीने हळूच विचारले.

मी नकाशा काढला. चारी बाजूंना जमीनच जमीन!

दादा काही बोलले नाहीत. सकाळी अर्ज पुन्हा टेबलावर होता, खाली त्यांची सही.

मान डोलावण्यापूर्वी हल्ली मी नकाशा पाहतो.