पायाखालची राजधानी

शाळांना सुट्या लागल्या की वाशीममध्ये भाड्याच्या गाड्यांना मागणी येते. दोन-तीन कुटुंबे, शेजारचे एखादे जोडपे, मुलांचे दोस्त, दशम्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याचा कॅन एवढा पसारा घेऊन मंडळी पहाटेच निघतात. पूर्वी अशी सहल म्हणजे देवदर्शन. आता तिच्या यादीत अजिंठा-वेरूळही असते. रस्तेही बदलले. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून, कारंजा-मालेगावच्या बाजूने जातो. डिसेंबर 2022मध्ये तो नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी पुरा झाला. आडवळणाचा जिल्हा म्हणून हिणवले गेलेले वाशीम असे मोठ्या रस्त्यावर आले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण प्राचीन अवशेष पाहायला आपण ज्या गावातून निघतो, त्या गावाचा त्या अवशेषांशी काय संबंध आहे, हे गाडीतल्या किती जणांना ठाऊक असते?

अजिंठ्याचेच पाहू. मेहकर, चिखली, बुलढाणा करीत सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास होतो. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून बसने लेण्यांपाशी जायचे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहून होतो, फोटो निघतात, मुलांना भूक लागते. पुढे सोळाव्या लेण्याच्या ओसरीबाहेर भिंतीवर एक झिजलेला संस्कृत लेख आहे. त्याच्यापुढे सहसा कोणी थांबत नाही. हे लेणे वराहदेवाने भिक्षुसंघाला अर्पण केले, असे तो लेख सांगतो. वराहदेव हा वाकाटक सम्राट हरिषेणाचा सचिव. आणि हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम. पहिले, दुसरे, सोळावे, सतरावे ही अजिंठ्याची सर्वांत देखणी लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात याच राजवटीच्या छायेत कोरली गेली. थोडक्यात, वाशीमकर एवढा प्रवास करून जे पाहतो, ते त्याच्याच गावच्या दरबाराचे वैभव असते.

मग ती राजधानी कुठे गेली? ती कुठेच गेली नाही. वत्सगुल्माचे प्राकृतात वच्छोम झाले, इंग्रजांच्या दप्तरात बासिम झाले आणि आपल्या तोंडी वाशीम राहिले. 1905 साली बासिम जिल्हा मोडून अकोल्यात विलीन झाला. 1 जुलै 1998 रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाले. या सगळ्या उलथापालथीत गाव राहते राहिले. पद्मतीर्थावर आंघोळी चालू राहिल्या, अठराव्या शतकात बालाजीचे मंदिर उभे राहिले, वाड्यांवर वाडे आणि आता इमारती चढल्या. जुने शहर आपल्या पायाखाली आहे.

माणसे निघून गेली की अवशेष टिकतात. माणसे राहिली की ते मातीत जातात. अजिंठ्याचे दरीतले रान वाढले म्हणून लेणी वाचली. 1819 साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी तिथे पोहोचला, तेव्हा बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता लागला. पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला, मेक्सिको आणि ग्वाटेमालात, माया लोकांच्या नगरांचेही असेच झाले. हरिषेणाच्या काळी तिकालसारखी माया नगरे भरात होती. पुढे ती ओस पडली, जंगलाने झाकली आणि एकोणिसाव्या शतकात प्रवाशांनी ती जगापुढे आणली. आज तिथेही घरोघरची माणसे मुलाबाळांसह गाड्या करून ते मनोरे पाहायला जातात. माया लोक मात्र संपले नाहीत. त्यांचे लाखो वंशज आपल्या भाषा बोलत त्याच भागात शेती करतात.

माया लोकांनी शिळांवर नेमक्या तिथ्या कोरून ठेवल्या, त्यामुळे त्यांच्या राजांचे दिवस आज मोजता येतात. आपल्याकडच्या वाकाटकांनी मात्र आपल्या लेखांत 'राज्याचे अमुक वर्ष' एवढेच लिहिले. याला एक अपवाद आहे आणि तो वाशीमजवळच आहे. हिस्से बोराळा येथील शिलालेखात शक 380, म्हणजे इसवी सन 458, असे वर्ष दिले आहे. हरिषेणाचा पिता देवसेन याच्या काळी स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने सुदर्शन नावाचे तळे बांधले, त्याचा हा लेख. वाकाटकांच्या साऱ्या कालगणनेला खुंटी मिळते ती या तळ्याच्या लेखाने. उन्हाळ्यात पाण्यासाठी हैराण होणाऱ्या या भागात, राजाच्या अधिकाऱ्याने पंधराशे वर्षांपूर्वी तळे बांधले, ही गोष्ट शाळेतल्या मुलाला कोणत्याही लढाईपेक्षा लवकर कळेल.

दुसरा पुरावा तांब्याचा. 1939 साली वाशीमला एक ताम्रपट सापडला. दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेले हे गावाचे दान आहे. भाषा थोडी संस्कृत, थोडी प्राकृत. बँकेत गहाणखते आणि सात-बारा वाचण्यात ज्याची उमेद गेली, त्याला तो फार ओळखीचा वाटतो. कोणी दिले, कोणाला दिले, गाव नांदीकडच्या, म्हणजे नांदेडच्या, कोणत्या वाटेवर, सरकारी माणसांनी तिथे कसला उपद्रव द्यायचा नाही, सगळे नोंदलेले. हा पट मिळेपर्यंत वाकाटकांची वत्सगुल्म शाखा वेगळी होती, हेच कळलेले नव्हते. अजिंठ्याच्या त्या झिजलेल्या लेखातले एक नाव चुकीचे वाचले गेले होते आणि दोन घराण्यांची वंशावळ एकच समजली गेली होती. वाशीमच्या तांब्याने ती गाठ सुटली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला, तेव्हा शाखेचा संस्थापक सर्वसेन तिथे हजर असल्याचे दिसले. या सर्वसेनाने महाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' नावाचे काव्य लिहिले होते. ते आज नष्ट झाले आहे. ऑक्टोबर 2024मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या आनंदात वाशीमच्या या राजाची आठवण किती जणांना झाली?

समजा, 1939 साली ते पत्रे कोणी मोडीत घातले असते. तांब्याचे चार पैसे मिळाले असते आणि एका राजघराण्याचे नाव कायमचे बुडाले असते. हा धोका आज वाढला आहे. तेव्हा जमीन कुदळीने खणली जात असे. कुदळ मारणाऱ्याला खाली काय लागले ते हाताला कळे. आज जेसीबी एका दिवसात तळघराचा खड्डा काढतो आणि माती ट्रॉलीत भरून रात्रीतून कुठल्या तरी भरावात जाते. संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे, पण जमिनीखाली दडलेले, स्मारक म्हणून जाहीर न झालेले शहर त्या नियमात बसत नाही. दहा रुपयांवरचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा 1878चा कायदा आहे. पण जुनी वीट, मडक्याचा तुकडा, अक्षरे असलेला दगड हे 'धन' आहे, असे कोणाला वाटते?

मेक्सिकोने डिसेंबर 2023मध्ये माया नगरांना जोडणारी रेल्वे सुरू केली. तिची लांबी दीड हजार किलोमीटर. जंगल आणि भूगर्भातल्या गुहा यांची हानी झाली म्हणून तिच्यावर कडाडून टीका झाली, आणि ती रास्त होती. पण रुळांच्या आधी त्या मार्गावर पुरातत्त्ववाले चालले, हजारो जुनी बांधकामे त्यांनी नोंदली. आधी पाहणी, मग खोदकाम, एवढा क्रम तरी आपण त्यांच्याकडून घ्यायला हवा.

त्यासाठी फार पैसा लागत नाही. जुन्या गावठाणात बांधकामाची परवानगी देताना तिच्यात एक ओळ असावी: मोठ्या आकाराच्या जुन्या विटा, नाणी, मूर्ती, लेख दिसल्यास काम थांबवून तहसीलला कळवावे. कळवणाऱ्याचे काम मात्र महिनोन्‌महिने अडकवून ठेवू नये. नाहीतर माणूस सापडलेले गुपचूप पुरून टाकतो, हा व्यवहार आहे. जेसीबी चालवणाऱ्या पोरांना अर्ध्या दिवसाचे शिक्षण द्यावे; सर्वांत आधी पाहणारे डोळे त्यांचेच असतात.

आणि घरच्या मंडळींनी एवढे करावे. पुढच्या वेळी अजिंठ्याला निघताना आदला दिवस वाशीमसाठी राखावा. सकाळी पद्मतीर्थावर मुलांना न्यावे, मग हिस्से बोराळ्याला जाऊन स्वामिल्लदेवाच्या तळ्याची गोष्ट सांगावी. दुसऱ्या दिवशी सोळाव्या लेण्याबाहेर पाच मिनिटे थांबून तो झिजलेला लेख दाखवावा, आणि हे आपल्या गावच्या राजाच्या कारभाऱ्याने लिहवून घेतले, असे म्हणावे. उद्या घराचा पाया खणताना ज्या मुलाला अक्षरे असलेला तांब्याचा तुकडा दिसेल, तो मोडीच्या दुकानात न जाता शाळेतल्या गुरुजींकडे जाईल, याची तेवढी तरी आशा धरता येईल.