टिंबांची उजळणी

रोजच्या कामात आणि ऑनलाइन शिकताना मनापासून आवडलेली सॉफ्टवेअर्स, हा या अंकाचा विषय. माझी निवड आधीच ठरलेली होती: प्रश्नोत्तरांच्या कार्डांवरून उजळणी करून घेणारं अंकी. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ पाठांतर. डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर आजही ते मोफत आहे.

मी त्यावर उर्दू लिपी शिकलो. बे, पे, ते ही तिन्ही अक्षरं एकाच होडीच्या आकाराची. बेच्या खाली एक टिंब, पेच्या खाली तीन, तेच्या वर दोन. पेला मी कितीदा तरी बे म्हटलं. चुकलेलं कार्ड काही मिनिटांत परत समोर यायचं. जमलेलं आधी काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी. आपण किती झपाट्याने विसरतो, हे मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मोजून दाखवलं होतं. विसरायच्या बेतात असताना आठवायला लावणं, ही अंकीची सगळी करामत.

तयार कार्डांचे गठ्ठे मिळतात, पण माझा आग्रह आहे की कार्डं स्वतःच लिहावीत. प्रश्न नेमका घालता घालताच निम्मा धडा डोक्यात बसतो. दुकानाच्या पाटीवरचं पे आता मला लांबूनही ओळखू येतं.