शेळीचा सातबारा कुठाय?

31 ऑक्टोबर 2023 ला सरकारने राज्यातले 40 तालुके दुष्काळी जाहीर केले. आपल्या जिल्ह्यातले त्यात दोनच, छत्रपती संभाजीनगर आणि सोयगाव. कन्नड नाही. पुढे राज्यातली हजारावर महसूल मंडळं दुष्काळसदृश ठरली.

तेव्हाच्या सवलती आठ होत्या. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाची वसुली थांबवणं, शेतीपंपाच्या बिलात 33.5 टक्के सूट, पंपाची वीज न तोडणं, पोरांची परीक्षा फी माफ, रोहयोचे निकष सैल, आणि टँकर. शेवटच्या तीन आपल्या कामाच्या, त्या भांडून घ्यायच्याच होत्या. बाकीच्या ज्याच्याकडे सातबारा, मोटर आणि बँकेचं खातं आहे त्याच्या. त्याला मिळू नये असं नाही, त्याचंही रान वाळलं होतं. पण या आठात चारा कुठंच नव्हता.

माझ्या आईच्या नऊ शेळ्या आहेत. चाऱ्याचं विचारायला ती गेली तर साहेबाने सातबारा मागितला. आई म्हणाली, शेळीचा सातबारा कुठाय साहेब? सगळे हसले. ती मोकळ्या हाताने परत आली.

2019 च्या दुष्काळात छावण्या निघाल्या. मोठ्या जनावराला रोज 70 रुपये, लहानाला 35, मग वाढवून 100 आणि 50. पण लहान म्हणजे वासरू. शेळ्या-मेंढ्यांच्या छावणीला परवानगी आली ती मे महिन्यात, म्हणजे उन्हाळा संपत आल्यावर. तोवर घरोघरच्या शेळ्या पडेल त्या भावाने बाजारात गेल्या होत्या. गाय-बैल असणाऱ्यालाही छावणी लांब पडते. एक माणूस तिथं जनावरामागं राहिला की घरची मजुरी बुडाली. आपल्याला छावणी नको, वस्तीवर चारा पाहिजे, आणि शेळीही मोजली पाहिजे.

आणि जंगल? दुष्काळात आपली जनावरं अंजनाच्या पाल्यावर, बाभळीच्या शेंगांवर, पडीतल्या वाळल्या गवतावर निघतात. तिथं गेलं की गार्ड अडवतो, दंडाची भीती घालतो. तेच गवत उभं राहून वणव्यात जळतं. डोंगरावर हिरवी दिसते ती घाणेरी, तिला शेळी तोंड लावत नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(1)(घ) मध्ये चराई हा सामूहिक हक्क लिहिलेला आहे. ऋतूप्रमाणे फिरणाऱ्या पशुपालकांचाही त्यात हक्क आहे. म्हणून मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगराशी बांधावर भांडू नका, त्याला ग्रामसभेत बसवून बोला.

आता आपली चूक. आपण वैयक्तिक पट्ट्यांसाठी मोर्चे काढले, पण चराईचा सामूहिक दावा बऱ्याच गावांनी भरलाच नाही. मीही आमच्या गावात उद्या-उद्या करत राहिलो. शेळ्या राखतात बाया आणि पोरं, म्हणून तो प्रश्न मोठ्यांच्या बैठकीत आला नाही.

तेव्हा या पंधरवड्यात ग्रामसभा लावा. निम्मे सभासद पाहिजेत, हजर असणाऱ्यांत तिसरा हिस्सा बाया. जनावरं कुठल्या नाल्यापासून कुठल्या खिंडीपर्यंत चरायची, पाणी कुठं प्यायची, हे म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्या. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब नियमाप्रमाणे पुरावा धरतात. प्रत्येक घरच्या गाया, बैल, शेळ्या मोजून यादी करा. एक प्रत तहसीलला देऊन पोच घ्या, एक आपल्या कार्यालयात पाठवा.