यंत्राच्या मृत्यूचा दाखला कोणी द्यावा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या संगणक-प्रणालीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबविली. २०१५ साली बाजारात आलेल्या या प्रणालीवर जगातील कोट्यवधी संगणक चालत होते. त्या दिवशी त्यांतील एकही या निर्णयामुळे बंद पडला नाही. पडदे उजळत होते, हिशेब बिनचूक होत होते. तरीही ही यंत्रे यापुढे असुरक्षित समजावीत, असे जाहीर झाले. धडधाकट यंत्राच्या मृत्यूचा दाखला त्याच्या मालकाने नव्हे, तर प्रणाली विकणाऱ्याने दिला. प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो मालकीहक्काचा आहे.

२०२१ साली आलेली ‘विंडोज ११’ ही नवी प्रणाली पात्र संगणकांना विनामूल्य मिळते. मेख आहे ती या पात्रतेत. ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-चिप हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ किंवा त्यानंतरचा हवा. २०१६ साली काटकसरीने घेतलेला संगणक कितीही उत्तम चालत असला तरी तो अपात्रच. बरे, जे पात्र ठरतात त्यांचीही सुटका नाही. जुन्या प्रिंटरसाठी नवा ड्रायव्हर त्याच्या उत्पादकाने काढलेलाच नसतो. ही प्रणाली केवळ ६४-बिट असल्याने जुने १६-बिट कार्यक्रम तीवर चालत नाहीत. युनिकोडपूर्व मराठी टंकांवर बेतलेली अक्षरजुळणीची साधने चालतील याचीही हमी नसते. हा भुर्दंड बड्या कंपन्यांना जाणवत नाही. तो सोसावा लागतो लहान छापखान्याला, गावच्या पतसंस्थेला, सार्वजनिक वाचनालयाला आणि शाळेला.

यंत्राचा घसारा दोन प्रकारचा असतो, हे कार्ल मार्क्सने ‘भांडवल’च्या १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात दाखवून दिले. एक घसारा वापराने वा पडून राहिल्याने होतो. दुसरा, अधिक स्वस्त वा अधिक कार्यक्षम यंत्र बाजारात आल्याने. आजचा घसारा या दोहोंत बसत नाही. येथे यंत्र झिजलेले नाही; त्याच्या मालकाचे काम नव्या यंत्रावाचून अडलेलेही नाही. केवळ विक्रेत्याच्या घोषणेने त्याचे मूल्य नाहीसे झाले. १९२४ साली बड्या दिवे-उत्पादकांनी ‘फीबस’ संघ स्थापन करून विजेच्या दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवले, तेव्हा निदान दिव्याची तार तरी जळावी लागत असे. आता तेवढ्याचीही गरज उरलेली नाही.

सुरक्षेसाठी हे अपरिहार्य आहे, अशी कंपनीची बाजू आहे. नव्या चिपमुळे संरक्षण वाढते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जुन्या प्रणालीची दुरुस्ती अशक्य झाली होती काय? तसे नव्हते. व्यक्तिगत ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ती देऊ करण्यात आली. त्यासाठी ३० डॉलर भरावेत, कंपनीचे बक्षीस-गुण खर्चावेत, अथवा संगणकाची मांडणी कंपनीच्या खात्याशी जोडावी, असे पर्याय ठेवले गेले. संस्थांसाठी दर यंत्रामागे पहिल्या वर्षाला ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, असा दर लागला. म्हणजे दुरुस्ती शक्य होती. फक्त तिची किंमत ठरवायची होती. युरोपात ग्राहक-संघटनांनी दबाव आणला, तेव्हा तेथील व्यक्तिगत ग्राहकांसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये अटी सैल करून ही मुदत विनामूल्य देण्यात आली. ग्राहक संघटित असला की तंत्रज्ञानाच्या नावाने सांगितलेली अपरिहार्यता वाकते, हा याचा अर्थ आहे.

भारताला हा प्रश्न नवा नाही. १९७८ साली, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, भागभांडवल कमी करण्याची अट न मानता आयबीएमने या देशातून काढता पाय घेतला. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सार्वजनिक कंपनीने उचलली आणि भारतीय अभियंत्यांनी ती यंत्रे चालती ठेवली. परक्या कंपनीच्या मर्जीवाचूनही यंत्र जगू शकते, हे त्या काळी सिद्ध झाले होते. पुढे २००१ साली त्याच सीएमसीचे ५१ टक्के भाग खासगी उद्योगसमूहाला विकण्यात आले. देखभालीचे ज्ञान ही सार्वजनिक संपत्ती आहे, याचाच जणू राज्यकर्त्यांना विसर पडला.

मुक्त प्रणालीचा पर्याय आजही उपलब्ध आहे. केरळच्या शाळांनी लिनक्सवर आधारित प्रणाली राज्यव्यापी प्रमाणावर रुजवून दाखविली आहे. परंतु ‘लिनक्स बसवा’ असा सल्ला देऊन मोकळे होणे म्हणजे सामाजिक प्रश्नाचे ओझे एकेकट्याच्या खांद्यावर टाकणे होय. एकट्या पतसंस्थेला स्वतःची हिशेब-प्रणाली बदलता येत नाही. केरळला ते साधले, कारण तेथे शासनाने शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि देखभालीची व्यवस्था उभी केली.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. संगणकासोबत विकलेल्या प्रणालीची सुरक्षा-दुरुस्ती त्या यंत्राच्या वापरयोग्य आयुष्यापर्यंत विनामूल्य देण्याचे बंधन कायद्याने घालावे. सरकारी खरेदीच्या करारात ही अट प्रथम लिहावी; सरकारसारखा मोठा गिऱ्हाईक अडून बसला तर विक्रेत्याला ऐकावेच लागते. कंपनीने हात झटकल्यास दुरुस्तीसाठी लागणारी माहिती सार्वजनिक संस्थांच्या हाती सोपवावी. आणि जिल्ह्याजिल्ह्यांत तंत्रनिकेतनांच्या आधाराने सार्वजनिक देखभाल-केंद्रे उघडावीत. अन्यथा चालती यंत्रे भंगारात जातील, त्यांतील तांबे व सोने काढण्यासाठी दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत मजूर उघड्या हातांनी ती फोडतील, आणि नव्या यंत्राची किंमत पतसंस्थेच्या सभासदांच्या खिशातून वसूल होईल. ग्राहक-पंचायती, सहकारी संस्था आणि कामगार संघटना यांनी हा विषय तंत्रज्ञांवर न सोपवता आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर घेणे अगत्याचे आहे.